पुरावा आणि पडताळणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात शिक्षकाने अभ्यास आणि शिस्त यांवर चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. गुन्ह्यात सापडलेल्या गोळीविषयी सरकारी प्रयोगशाळा अहवाल देते. त्या अहवालावरून माणसाला अटक होते, कोणाच्या तरी घराची झडती होते. तो अहवाल कितपत अचूक असतो आणि तो चुकला तर नुकसान कोणाचे होते, याचा आज विचार करू. मी वकील नाही, शास्त्रज्ञही नाही. परंतु ज्यांच्या खुनाची हकिकत मी सांगणार आहे, ते आपल्याच मुलखातले होते.

प्रथम ही परीक्षा कशी होते ते पाहू. मिरजेचे सतार बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. जुन्या शिकलगाराला विचारा, तो सांगेल की प्रत्येक कानस लोखंडावर आपली अशी रेघ सोडते. बंदुकीचेही तसेच आहे. नळीच्या आतल्या आट्यांच्या खुणा गोळीवर उमटतात आणि घोड्याच्या टोकाची खूण काडतुसाच्या बुडावर उमटते. तज्ज्ञ जप्त केलेल्या पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडतो आणि दोन्ही गोळ्या जोड सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. गोळी 7.65 मिलिमीटरची आहे, हे सांगणे सोपे. पण त्या मापाची पिस्तुले असंख्य आहेत. ती गोळी याच पिस्तुलातून सुटली, हे सांगणे अवघड, कारण शेवटचा निर्णय तज्ज्ञाची नजर आणि त्याचा अनुभव यांवर अवलंबून असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2009 साली आपल्या अहवालात म्हटले की, अशा खुणा जुळवण्याच्या पद्धतीची विश्वसनीयता शास्त्रीय कसोट्यांनी पुरेशी तपासली गेलेली नाही. याचा अर्थ ही विद्या खोटी आहे असा नव्हे. तिला मर्यादा आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता हकिकत ऐका. डॉ. नरेंद्र दाभोलकर 1945 साली साताऱ्यात जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले आणि मिरजेत डॉक्टर झाले. त्यांची सर्व मते प्रत्येकाला पटतील असे नाही. पण माणसाला त्याच्या मतासाठी ठार मारणे कोणत्याही धर्मात बसत नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला.

जानेवारी 2014 मध्ये शस्त्रांच्या व्यवहारातील दोन इसमांना या प्रकरणी अटक झाली. त्यांच्याकडून आधी जप्त झालेल्या पिस्तुलाशी गोळ्या जुळतात, असा प्रयोगशाळेचा अहवाल असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. लोकांना वाटले, तपास लागला. पण मुदतीत आरोपपत्र दाखल झाले नाही आणि दोघे जामिनावर सुटले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला.

पुढे फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर आणि ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही प्राणास मुकले. या तिन्ही खुनांत एकच हत्यार होते का, हा प्रश्न आला, तेव्हा मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळांच्या अहवालांत मेळ बसेना. इंग्लंडच्या स्कॉटलंड यार्डचे मत घेण्याचे ठरले, ते जमले नाही, आणि अखेर काडतुसे गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेली. गोळ्या त्याच होत्या, पण त्यांचे वाचन निरनिराळे झाले.

10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. शिक्षा झालेले ते दोघे 2014 साली पकडलेले इसम नव्हते. मारेकऱ्यांना प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांनी न्यायालयात ओळखले होते. मधली जवळजवळ अकरा वर्षे साताऱ्याच्या त्या कुटुंबाने वाट पाहिली. चुकीच्या दिशेने गेलेला तपास संशयिताच्या घराला तर जाळतोच, पण ज्याचा माणूस गेला त्याच्याही घरावर अन्याय करतो, कारण तेवढा काळ खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

आता झडतीकडे वळू. खटल्यात वकील तज्ज्ञाची उलटतपासणी घेऊ शकतो. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, परंतु न्यायालय त्याला साक्षीस बोलावू शकते. झडतीचे वॉरंट मागताना मात्र मॅजिस्ट्रेटसमोर फक्त पोलिसांचे कागद असतात. ज्याच्या घरी माणसे जाणार, तो तेथे हजर नसतो. त्यामुळे ‘जुळते’ आणि ‘जुळू शकते’ यांतला फरक तेथेच सर्वांत मोठा ठरतो. म्हणून 1959 च्या शस्त्र कायद्यातही मॅजिस्ट्रेटने झडतीचा हुकूम देण्यापूर्वी आपली कारणे नोंदवावीत, असे कलम 22 मध्ये आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील काही तरतुदी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. झडतीच्या वेळी वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. जप्त वस्तूंची यादी जागेवर करून तिची प्रत घरमालकाला द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, मर्यादा सांभाळून घ्यावी. झडतीचे चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे. वॉरंटशिवाय झडती घेतली तर लेखी नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे.

हे मी भांडण्यासाठी सांगत नाही. पोलीस दारात आले तर अडवू नका, घाबरू नका, पळू नका. शांतपणे कागद मागा, तो वाचा, यादीची प्रत घ्या. आईवडील लिहिता-वाचता येणारे असले तर घराला केवढा आधार होतो, ते अशा वेळी कळते. आणि शेजाऱ्याच्या घरी झडती झाली म्हणून त्याला त्याच दिवशी गुन्हेगार ठरवू नका. कोणी बातमी आणली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्याचे नुकसान करून मागाहून पस्तावाल, अशी ताकीद कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. ही ताकीद पोलिसांना, प्रयोगशाळेला आणि वर्तमानपत्राला जितकी लागू, तितकीच आपल्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीलाही लागू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. न्यायवैद्यक विज्ञानाचे शिक्षण आज महाराष्ट्रात सरकारी संस्थांत मिळते. आपल्यातून वकील व्हावेत, तसेच त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारेही व्हावेत. तेथे बसाल तेव्हा समोरचा आरोपी कोणत्या जातीधर्माचा, हे पाहू नका. जे दिसते तेवढेच लिहा, आणि जे दिसत नाही ते ‘दिसत नाही’ असेच लिहा. प्रयोगवहीत उत्तर आधी पाहून आकडे बसवण्याची सवय आजच मोडा. आज त्या वहीत दोन गुण जातील, पण उद्या तुमच्या एका ओळीवर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असेल.