एका गुणाचे सोने



मी सातवी शिकलेली, थोडक्यातच बोलते.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी यांनी कंपाउंड धनुर्विद्येचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. तिघींचे मिळून २४ बाण. चिनी तैपेईवर २३०-२२९, म्हणजे अवघ्या एका गुणाने सरशी! अदिती, एका शिक्षकाची मुलगी, तेव्हा १७ वर्षांची होती.

तो एक गुण रोजच्या सरावातून येतो. आपल्या गणेशपुरीतही मुलगी मोठी झाली की तिचाच खेळ आधी सुटतो, भावाचा नाही. माझ्या धाकटीला मी संध्याकाळी मैदानावर धाडते. भाकऱ्या मी थापते. भगिनींनो, तुम्हीही आपल्या मुलींना रोज एवढा एक तास द्याल ना?