कोरड्या पदार्थांतील जंतू आणि गामा किरण

मिरची, हळद, धने वाळविले की टिकतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. ओलाव्यावाचून जंतूंची वाढ होत नाही. परंतु वाढ थांबणे म्हणजे मृत्यू नव्हे. खळ्यावरील धुळीतून आलेले साल्मोनेला जंतू वा बॅसिलस जातीचे बीजाणू कोरड्या पुडीत महिनोन्‌महिने तग धरतात. शिजलेल्या अन्नावर असा मसाला वरून भुरभुरला, तर तेथील ओल व ऊब मिळताच ते पुन्हा वाढू लागतात.

त्यांना उष्णतेने मारू गेल्यास मसाल्यातील सुगंधी तेले उडून जातात. इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी दिल्यास विषारी अंश मागे राहू शकतो. या पेचातून गामा किरण वाट काढतात. २००० साली सुरू झालेल्या अणुऊर्जा विभागाच्या वाशी येथील संयंत्रात मसाल्यांची बंद खोकी कोबाल्ट-६० समोरून फिरविली जातात. किरण वेष्टन भेदून आत शिरतात व जंतूंच्या पेशींतील डी.एन.ए.चे रेणू तोडतात. माल बंदच राहत असल्याने नवे जंतू आत शिरत नाहीत. दहा किलोग्रे मात्रेनेही तापमान काही अंशांपलीकडे वाढत नाही आणि पदार्थ किरणोत्सर्गी होत नाही. या मात्रेपर्यंतचे अन्न निर्धोक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच दिला.

मात्र ओल्या मिरचीवर वाढलेल्या बुरशीने एकदा सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष या किरणांनी नाहीसे होत नाही. त्यावर उपाय एकच: स्वच्छ खळे आणि वेळेवर पुरती वाळवण. संयंत्राचे काम त्यानंतर सुरू होते.