किताकाताची हातगाडी



आज आम्ही एका हातगाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी जपानमधली आहे, पण गोष्ट कष्टकऱ्यांची आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटायची नाही.

जपानच्या फुकुशिमा प्रांतात डोंगरांच्या कुशीत किताकाता नावाचे गाव आहे. इथले पाणी चांगले, भात चांगला. तांदळाची दारू, मिसो, सोया सॉस करण्याचे धंदे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. १९२० च्या दशकात या गावी एक चिनी तरुण आला. बान किन्सेई हे त्याच्या नावाचे जपानी रूप. वय विशीच्या आसपास. जवळच्या खाणीत चुलता कामाला आहे, एवढ्या आधारावर पोरगा समुद्र ओलांडून आला. पण खाणीत काही त्याची सोय लागली नाही.

मग पोटाचे काय? आपल्या मुलखात गव्हाच्या शेवया कशा करतात, हे त्याला ठाऊक होते. तेवढीच त्याची पुंजी. त्याने हाताने शेवया केल्या, हातगाडीवर चूल ठेवली आणि गावातून गाडी ओढू लागला. असे गाडीवाले चारुमेरा नावाची सनईच्या जातीची पिपाणी वाजवत. ती ऐकली की लोक समजायचे, शेवयांची गाडी आली.

आता वाडग्यात काय असते ते बघा. आपण पापडात पापडखार घालतो ना, तसेच या पिठात क्षाराचे पाणी घालतात. त्याने शेवई पिवळसर होते आणि चिवट राहते. किताकाताची शेवई रुंद, चपटी आणि कुरळी. पिठात पाणी जास्त, म्हणून ती जाड असूनही मऊ लागते. डुकराची हाडे आणि सुकी मासळी उकळून रस्सा करतात, त्यात गावचाच सोया सॉस घालतात. वर मांसाचे काप, बांबूचे कोंब, कांद्याची पात. यालाच आज किताकाता रामेन म्हणतात.

आम्ही सूतगिरणीत रात्रपाळी करणारी माणसे. म्हणून पुढची गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. या गावात लोक सकाळीसुद्धा रामेन खातात. काही दुकाने सकाळी सातलाच उघडतात. हे कशामुळे? कारखान्यातली रात्रपाळी संपवून कामगार यायचे, पहाटेच शेतात राबलेले शेतकरी यायचे, त्यांच्यापासून ही चाल पडली असे तिथले लोक सांगतात. थकलेल्या माणसाला सकाळी गरम वाडगे मिळणे म्हणजे काय, हे ज्याने रात्र जागून काढली त्यालाच कळते.

पण बांधवांनो, दुसरी बाजूही ऐका. त्या काळी या पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत, म्हणजे चीनच्या शेवया. पुढे १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे युद्ध लादले. ‘शिना’ हा शब्द चिनी माणसाला कमी लेखणारा झाला, त्याच्या काळजाला लागणारा झाला. युद्धानंतर तो शब्द मागे पडला, ‘चुका सोबा’ आणि मग ‘रामेन’ ही नावे रूढ झाली. नावाने माणूस दुखावतो, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. हाताला चव आहे म्हणून खायचे आणि त्या हाताच्या माणसाला हिणवायचे, असे जगात पुष्कळ ठिकाणी झालेले आहे.

आणि त्या परक्या माणसाने काय केले? शेवया करण्याची विद्या त्याने स्वतःपाशी दडवून ठेवली नाही; शिकायला आलेल्यांना ती दिली, असे त्या गावात सांगतात. त्या एका गाडीमागून दुकाने उभी राहिली. किताकाताची वस्ती पन्नास हजारांच्या आत, आणि रामेनची दुकाने शंभराच्या घरात गेली! साप्पोरो आणि हाकाता इथल्या रामेनबरोबर आज या लहान गावाचे नाव घेतले जाते. जुनी मातीची गोदामे बघायला येणारे प्रवासी रामेन खाऊन जातात. किती घरांच्या चुली त्यावर पेटल्या असतील, विचार करा.

एक वाडगे वाटले तर एका माणसाची एक वेळ भागते. वाडगे भरायची विद्या वाटली तर गाव उभे राहते. तेव्हा आपल्या वस्तीत ज्याला शिवण येते, वायरिंग येते, साचा दुरुस्त करता येतो, त्याने ते निदान दोन पोरांना शिकवावे. आणि परगावचा कोणी गाडी ढकलत आपल्या गल्लीत आला, तर त्याला आधी त्याचे नाव विचारावे आणि त्याच नावाने हाक मारावी.