पास न मिळालेला चेंडू



या व्याख्यानमालेत माझ्याआधी कवी, नाटककार, प्राध्यापक बोलून गेले. मी डिचोलीत दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी एका चुकीवर बोलणार आहे, आणि ती चूक माझी आहे.

१९९४ सालची गोष्ट. पेडणे तालुक्यातले एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा गावच्या संघात फुटबॉल खेळायचा. भातकापणी झाली की मळ्यात गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्यावाड्यांचे सामने लागतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्याने दुसऱ्या एका मुलाला लिहिलेले पत्र संघातल्या कोणाच्या तरी हाती लागले होते. वडील त्याला बाहेर बसवून मला म्हणाले, "डॉक्टर, पोर चांगलं आहे, पण हे भलतंच काहीतरी. औषध द्या."

मी औषध दिले. केंटच्या रेपर्टरीत, मनाच्या प्रकरणात, स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीवरील प्रेम हे लक्षण म्हणून नोंदलेले आहे. नोंद सापडली म्हणजे रोग सापडला, असे मी धरून चाललो. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तर १९७३ मध्ये. हे मला माहीत असायला हवे होते.

मुलगा तीनदा आला. तिसऱ्या वेळी मी विचारले, "खेळ कसा चाललाय?" तो म्हणाला, "डॉक्टर, मी मोकळा उभा असतो, पण मला कोणी पास देत नाही."

वाचकहो, सांघिक खेळातले दुखणे या एका वाक्यात आहे. आपली द्युती चंद धावपटू. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके मिळवली आणि २०१९ च्या मे महिन्यात आपले एका मुलीवर प्रेम आहे हे उघडपणे सांगितले. घरून विरोध झाला, तरी शंभर मीटरच्या शर्यतीत तिचा निकाल घड्याळाने लावला. फुटबॉलमध्ये तसे नसते. तिथे चेंडू दुसऱ्याने द्यावा लागतो. कपडे एकाच झाडाखाली बदलायचे, एकाच टेम्पोतून सामन्याला जायचे, गोल झाला की एकमेकांच्या गळ्यात पडायचे. इतकी जवळीक, आणि त्याच जवळिकीची भीती! मग ती भीती झाकायला "बायलो" ही शिवी. मैदानावर चुकलेल्या प्रत्येकाला ती मिळते, आणि जो गप्प राहून स्वतःला लपवतो आहे, त्याला ती रोज ऐकावी लागते.

इंग्लंडच्या जस्टिन फॅशनू या फुटबॉलपटूने १९९० मध्ये आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले. सख्ख्या भावाने जाहीरपणे पाठ फिरवली. १९९८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्यानंतर ब्रिटनमधल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना हे सांगणारा पुढचा पुरुष खेळाडू जेक डॅनियल्स. साल २०२२, वय सतरा. मधली बत्तीस वर्षे इतर सगळे गप्प होते.

महिलांच्या खेळात चित्र वेगळे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघातल्या डेन व्हॅन निकर्क आणि मारिझान कॅप यांनी २०१८ मध्ये लग्न केले आणि त्यानंतरही दोघी एकाच संघातून खेळल्या. संघ मोडला नाही. आपल्या देशात इम्फाळला 'या-ऑल' या संस्थेने पारलिंगी पुरुषांचा फुटबॉल संघ उभा केला.

आपण पेडण्याची माणसे दशावतार बघत मोठी झालो. पहाटेपर्यंत स्त्रीपार्टीचे लाजणे, रडणे बघून आपल्या डोळ्यांत पाणी येते. स्त्रीपार्टी करणारा समलैंगिक असतो असे मुळीच नव्हे. पण पुरुषात हळवेपण शोभते हे रात्री देवळासमोर मान्य करणारे आपण, संध्याकाळी मळ्यात मात्र त्याचीच शिवी करतो. मराठी नाटकानेही हा विषय चुकवलेला नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे तो खटला हरले आणि त्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी उत्तरे देणे चालू ठेवले. माझ्यासमोर तर एकच मुलगा बसला होता, आणि मला त्याला एक खरे उत्तर देता आले नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. त्यानंतर काही महिन्यांनी तो मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला, आईसाठी औषध न्यायला माझ्याकडे आला. तो मुंबईला असतो. फुटबॉल त्याने त्याच वर्षी सोडला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "डॉक्टर, गोळ्यांनी काही बिघडलं नाही. त्या गोडच होत्या. तुम्ही बाबांना एवढंच म्हणायला हवं होतं की हा आजारी नाही. बाबांनी तुमचं ऐकलं असतं." त्याचे वडील तोवर वारले होते.

माझ्या जैन घरात अहिंसा मन, वचन आणि काया या तिन्हींनी पाळायची असते असे शिकवले. मी हात उगारला नव्हता, वाईट शब्दही बोललो नव्हतो. गप्प राहून, पुडी बांधून दिली होती. तीही हिंसाच, हे मला पंचवीस वर्षांनी कळले.

म्हणून शेवटी थोडेच मागतो. तुम्ही प्रशिक्षक असाल तर ती शिवी सरावात पहिल्यांदा ऐकू येईल तेव्हाच थांबवा. कर्णधार असाल तर त्या मुलाला पास द्या, बाकीचे तुमच्याकडे बघून शिकतील. बाप असाल तर डॉक्टरकडे नेण्याआधी त्याच्याशी बोला. आणि डॉक्टर असाल, कोणत्याही पॅथीचे, तर बापाला समोर बसवून सांगा की तुमचा मुलगा आजारी नाही. त्याला औषध लागत नाही.