संग्रहालयात गेलेल्या बाईला काय हवं असतं?



गटाची सहल म्हटली की देवदर्शन ठरलेलं. यंदा आम्ही त्याला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय जोडलं. "जुनी भांडीकुंडीच ना, त्यासाठी तिकीट कशाला?" असं काहीजणी म्हणाल्या. भांडीकुंडी आहेतच. दिनकर गंगाधर केळकरांनी उभा जन्म अशाच घरगुती वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात आहेत, मांडलेल्या त्यामानाने थोड्या.

आम्हाला वाटलं होतं अर्ध्या तासात बाहेर पडू. पण वज्रीपुढं बायका थांबल्या त्या हलेचनात. आमच्यातल्या थोरल्या आक्का तरण्या सुनांना सांगू लागल्या, सणाच्या आदल्या दिवशी न्हाणीत कसे पाय घासायचे, कुणाच्या घरात दगडाची होती, कुणाच्या घरात पितळेची. काचेवरच्या पाटीत एवढं कुठलं लिहायला! तेव्हा कळलं, संग्रहालयात येणारी बाई रिकामी येत नाही. तिच्याकडंही सांगण्याजोगं असतं, फक्त तिला बोलू द्यायला हवं आणि ऐकणारं कुणी हवं.

दुसऱ्या एका गावी, नाव घेत नाही, वेगळाच अनुभव आला. पाट्या इंग्रजीत आणि अक्षर बारीक. दोन तास उभं राहायचं, बसायला एक बाक नाही. गुडघेदुखीच्या दोघी जिन्याच्या पायरीवर टेकल्या, तर रखवालदार म्हणाला, "इथं बसायचं नाही, पुढं चला." स्वच्छतागृहाला कुलूप. मैत्रिणींनो, बाहेरगावी जाताना आपण सकाळपासून पाणी पीत नाही ते याच भीतीनं. तहानलेल्या, अवघडलेल्या बाईला शिवकाळातली तलवार दाखवून काय उपयोग? अंगावर पिणारं बाळ असलेली आमची एक मैत्रीण तर अर्धं संग्रहालय न बघताच गाडीत जाऊन बसली. तिचंही तिकीट पूर्णच होतं.

लोकांना इतिहासाची आवड नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी बाक मोजावेत, असं आमचं मत आहे.

चांगलंही घडतंय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय थाटलंय. ज्यांना मुंबईला येणं जमत नाही, त्यांच्याकडं ती बस जाते. शाळेच्या मुख्याध्यापकांशी याविषयी बोलायला हरकत नाही. आणि दिव्यांगांसाठी उतार, चाकाची खुर्ची ही काही मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींत तशी सोय करायला सांगितली आहे.

आता निघण्याआधी आम्ही फोन करतो. सुट्टी कोणत्या दिवशी? बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. गटाला तिकिटात सवलत आहे का? मराठीतून समजावून सांगणारं कुणी मिळेल का? स्वच्छतागृह उघडं असतं का? हा प्रश्न विचारताना आवाज बारीक करायचा नाही. डबा कुठं खायचा, तेही विचारून घ्यायचं, नाहीतर भाकरी उन्हात फाटकाबाहेर बसून खावी लागते.

बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही असते. त्यात बहुतेकजण "छान आहे" लिहून सही करतात. आम्ही त्या दुसऱ्या गावी अकराजणींनी मिळून लिहिलं: बाक हवेत, मराठी पाट्या मोठ्या अक्षरात हव्यात, बाळाला पाजायला आडोसा हवा, कुलूप काढा. खाली गटाचं नाव आणि फोन नंबर दिला. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी तोंडानं सांगितलं, आम्ही उतरवून घेतलं. अजून फोन आलेला नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावचा गट तिकडंच निघालाय. त्यांना आम्ही सांगून ठेवलंय, आधी कुलूप बघा आणि वहीत आमच्या खाली तुमचंही लिहा.