‘म्हणे’ या शब्दाची किंमत



गल्लीत नवे उपाहारगृह उघडते, तेव्हा मालकाने केवळ भांडीकुंडी मांडलेली नसतात. बहुधा घरचे दागिनेही गहाण पडलेले असतात. अशा वेळी वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तिथे शिळे देतात म्हणे’ एवढे वाक्य पुरते. पारावरची कुजबुज पारावरच विरून जाई. ही मात्र एका क्षणात घरोघर पोहोचते. खुलासा मागाहून लंगडत येतो.

२०१७ मध्ये लंडनच्या न्यू क्रॉस भागातील ‘करी ट्विस्ट’ या भारतीय उपाहारगृहात नरमांस मिळते, अशी थट्टेखातर रचलेली बातमी फेसबुकवरून पसरली. गिऱ्हाईक निम्म्यावर आले. काचा फोडण्याच्या धमक्या आल्या. साठ वर्षांच्या जुन्या दुकानाची ही गत, मग महिनाभराच्या दुकानाने काय करावे?

याचा अर्थ दोष दिसला तरी गप्प बसावे, असा नव्हे. आधी मालकाला सांगावे. न सुधारल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर तक्रार करावी; देयकावर १४ अंकी परवाना क्रमांक त्यासाठीच असतो. तक्रारीला पुरावा लागतो, कुजबुजीला लागत नाही. हाच दोहोंतील भेद.

पुढे धाडण्यापूर्वी ‘म्हणे’पाशी बोट क्षणभर थांबवू या. तेवढ्याने कुणाची चूल विझायची वाचेल.