दारापलीकडचे दार



सकाळी घंटागाडी येते, दाराबाहेर ठेवलेली बादली रिकामी होते आणि घर स्वच्छ झाल्याचे समाधान घरातल्यांना लाभते. ‘कचरा गेला’ असे सहजपणे म्हटले जाते. तो गेला कोठे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. कचरा नाहीसा होत नसतो. तो एका दारातून उचलला जातो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी नेऊन टाकला जातो. आजच्या विवेचनाचा विषय ते दुसरे दार हाच आहे.

पुण्याचेच उदाहरण घ्यावे. एके काळी या शहराचा कचरा कोथरूडला, पौड रस्त्यालगत टाकला जात असे. तेव्हा ती गावाबाहेरची जागा होती. पुढे शहर वाढले, भोवती वसाहती उभ्या राहिल्या, दुर्गंधी असह्य झाली आणि कचऱ्याने आपला पत्ता बदलला. सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात त्याचे ढीग पडू लागले. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. उरुळी-फुरसुंगीच्या वाट्याला कचऱ्याचे डोंगर आले. त्यांतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या विहिरींचे पाणी प्याले जात होते, त्यांच्याकडे पाठ फिरवून ग्रामस्थांना टँकरची वाट पाहावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. पुण्याच्या चौकाचौकांत ढीग साचले, सर्वत्र ओरड झाली. गावांनी दोन दशकांहून अधिक काळ जे सोसले, ते शहराला तीन आठवडेही सोसवले नाही!

मुंबईची कथा याहून वेगळी नाही. देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. श्वासावाटे तो ज्यांच्या छातीत गेला, ती बहुतांशी त्या परिसरातील गरीब वस्त्यांतली माणसे होती.

या अनर्थाचे मूळ कशात आहे? घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो. मातीत व हवेत कुजला तर त्याचे खत होते. तोच प्लास्टिकखाली, हवेवाचून दडपला गेला की त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू आणि विषारी पाणी निर्माण होते. सुक्या कचऱ्याचीही तीच गत. कोरा कागद रद्दीत विकला जातो. आमटीने माखलेला कागद कोणी घेत नाही. तेव्हा दोष ओल्याचा नाही आणि सुक्याचाही नाही. दोष आहे तो दोन्ही एकत्र करण्याचा. हे एकत्रीकरण स्वयंपाकघरात एका क्षणात होते. ते निस्तरण्यासाठी मात्र कोणाला तरी तासन्‌तास त्यात हात घालावे लागतात.

ते हात कोणाचे? बहुतेक वेळा कष्टकरी भगिनींचे. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करू लागली. वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच या भगिनींची नागरिकांकडे मागणी होती. आत काय आहे हे उघडून पाहण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, इतकेच त्यांचे म्हणणे. एवढ्या साध्या सन्मानासाठी मोहीम चालवावी लागावी, यातच समाजाने काय ते ओळखावे.

जुन्या घरांत ‘टाकाऊ’ हा शब्दच फार थोड्या वस्तूंना लागू होता. लुगड्याची गोधडी होई, उरलेले कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाई, शेण व पाला उकिरड्यात कुजून शेतात जाई. परंतु केवळ जुन्याचे गोडवे गाऊन भागणार नाही. त्या उकिरड्यात प्लास्टिक नव्हते, औषधांची वेष्टने नव्हती. आजचा कचरा निराळा आहे. म्हणून त्या काटकसरीला आजच्या शिस्तीची जोड द्यावी लागेल.

ही शिस्त अवघड नाही. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो. तळाला भोके पाडलेल्या बादलीत नारळाच्या शेंड्या पसराव्यात. त्यावर बारीक चिरलेला कचरा आणि वाळका पाला यांचे थर द्यावेत. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घालावे. मिश्रण मुठीत दाबले असता हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. वास आलाच तर ओल फार झाली असे समजावे आणि पाला घालून ढवळावे. दोनेक महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते आणि त्याला मातीचा वास येतो.

‘आम्ही वेगळा करून देतो, पण गाडीत सारे एकत्रच होते,’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती पुष्कळदा खरीही असते. मात्र जो ओला कचरा घराबाहेर पडलाच नाही, तो गाडीत एकत्र होणार कसा? शिवाय ज्या सोसायटीने आपले अंगण आधी नीट केले आहे, तिच्या तक्रारीलाच महापालिकेच्या दारी वजन येते.

आणि शासनयंत्रणेने मनावर घेतले तर काय घडते, हे सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्याने दाखवले आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण सुरू केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत तयार होऊ लागले, प्लास्टिक रस्त्यांच्या कामी आले आणि जेथे नाक धरून जावे लागे, त्या क्षेपणभूमीवर उद्यान फुलले. लोक ते पाहण्यासाठी तेथे जाऊ लागले. नियम साऱ्या देशाला सारखेच होते. २००० साली ते आले, २०१६ मध्ये अधिक कडक झाले. फरक पडला तो अंमलबजावणीने आणि घराघरांतून मिळालेल्या साथीने.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी हाती खराटा घेत आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी कृती, मग उपदेश, हा त्यांचा क्रम होता. आजच्या सभेनेही तोच पाळावा. उद्या सकाळी घंटागाडी येईल. त्या वेळी प्रत्येक घरातून दोन बादल्या निघाव्यात, आणि शक्य तेथे एकच, तीही सुक्याची. दूरच्या एखाद्या गावातील विहिरीचे पाणी त्या एका बादलीने गोड होणार नाही, हे खरे. परंतु ते नासवणाऱ्यांत त्या घराचा वाटा तरी उरणार नाही. आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारी लोटणे याला कोणी स्वच्छता म्हणत नाही. शेजारी दहा कोस दूर राहतो म्हणून शेजारधर्म बदलत नाही.